खालच्या दरीची एकोणीस पानं

प्रिय ठिपकी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. साठीच्या बाईला ठिपकी म्हणणारा आता मी एकटाच उरलोय, तेव्हा रागावू नकोस. तुझ्या हनुवटीवरच्या तिळावरून तुझ्या बापाने हे नाव पाडलं आणि आम्ही नकाशा कचेरीतल्या सगळ्यांनी ते उचलून धरलं, कारण दिवसभर आम्ही ठिपकेच काढत असायचो. तू मला शाईकाका म्हणायचीस. माझी बोटं तपकिरी असायची ना कायम, उंचीच्या रेषा काढून काढून. आता बोटांना शाई लागत नाही, ती नुसती कापतात. अक्षर पायवाटेसारखं वाकडंतिकडं गेलं तर चालवून घे. एके काळी याच हाताने मी केसाएवढ्या जाडीच्या रेषा एकमेकींना न चिकटवता काढलेल्या आहेत, हे सूनबाईला सांगतो तेव्हा ती चहाचा कप अर्धाच भरून देते.

तू सहा ओळी लिहिल्यास. महिनाअखेर घरमालकाला बाबांच्या दोन खोल्या मोकळ्या करून हव्यात, भांडी शेजारणीला दिलीस, कपडे वाटलेस, आणि उरलेली ट्रंक शनिवारी भंगारवाला नेणार आहे. तिच्यात पितळेची मोजणीची हत्यारं आहेत, एक जाड कागदावरचा अर्धवट रंगवलेला नकाशा आहे आणि एक मोजणीची वही आहे. मला काही हवं असेल तर शनिवारच्या आत माणूस पाठवा, मला स्वतःला यातलं काही नको, असं तू लिहिलंस. ते वाचून मला नवल वाटलं नाही. बाप गेला त्या दिवशी तू आलीस, भिंतीला टेकून तासभर बसलीस आणि दुपारच्या बसने परत गेलीस. लोक आपसात बोलले, मी मान खाली घातली.

खरं सांगतो, मी तुला लगेच एक कार्ड लिहिलं होतं. ‘मला काही नको, प्रकृतीला जप.’ एवढंच. सूनबाई ते टाकायला निघालीही होती. मग मी तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि तिला फाटकातून परत बोलावून ते कार्ड फाडलं. सहाव्या ओळीत तू जे लिहिलंस त्यामुळे. त्या ओळीकडे मी शेवटी येतो, मला जरा वळण घेऊन यावं लागेल. पण आधीच एक सांगून ठेवतो, म्हणजे तू पत्र मधेच टाकून देणार नाहीस. तू बापाला चोपन्न वर्षं ज्या गोष्टीची शिक्षा दिलीस ती त्याने केलेली नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो तुला सांगणार होता, आणि मी त्याला सांगू दिलं नाही.

त्या दरीचा नकाशा तू भिंतीवर पाहिलेला आहेस. नुसतं वाळवंट, मैलोगणती वाळू, आणि मधेच जमीन फाटल्यासारखी ती दरी. वरचा भाग रुंद, मग एक अरुंद खिंड, आणि खिंडीच्या पलीकडे खालची दरी. तिथे कुणी राहत नव्हतं. वरच्या भागात एक विहीर होती, तीही खारट. आमच्या कचेरीने सगळा प्रदेश चौकोनांत वाटून घेतला होता आणि सगळे चौकोन भरले तरी हा एक पांढरा होता. मोठ्या साहेबांना तो पांढरा चौकोन दातात अडकल्यासारखा सलायचा. शेवटी तुझ्या बापाला पाठवलं, कारण तो मोजणीदारांत सगळ्यांत चिकाटीचा. बरोबर सहा माणसं, अकरा उंट आणि पाच महिन्यांची मुदत. उन्हाळा पेटायच्या आत शीट, म्हणजे त्या चौकोनाचा नकाशा, पूर्ण करून परत यायचं होतं. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, आणि निघताना त्याच्या टोपीत तू तुझी एक रिबीन टाकलीस. तिचा रंग मला आठवत नाही.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही. त्या काळी मोजणीदार तिपाईवर एक लाकडी फळा ठेवायचा आणि त्यावर जाड कागद ताणून बसवायचा. डोंगरावर जिथे उभा राहील तिथली जागा कागदावर शोधायची, त्या जागी सुई टोचायची, आणि सुईला पट्टी टेकवून समोरच्या सुळक्यांकडे एकेक रेघ ओढायची. काम झालं की सुई उपटून पुढच्या टेकडीवर. त्यामुळे तो कागद नंतर कितीही रंगवला तरी उजेडासमोर धरला की भोकं दिसतात. माणूस जिथे जिथे खरोखर उभा राहिला तिथे तिथे भोक. रेषा घरी बसूनही काढता येते, म्हणून आमच्याकडे पद्धत होती की शीट आली की एका नकाशानवीसाने ती खिडकीशी धरून भोकं मोजायची आणि कोपऱ्यात ‘तपासले’ असं लिहून सही करायची. तपासणारा त्या वर्षी मी होतो.

तो जाऊन साडेतीन महिने झाले आणि तुझी आई तापाने पडली. तुला आठवत असेल ते एवढंच की मावशी आली आणि तुला गाडीत बसवून तिच्या गावी घेऊन गेली. ताप संसर्गाचा होता. वहिनींना इस्पितळामागच्या वेगळ्या वॉर्डात हलवलं. ती एक लांबोडकी बैठी इमारत होती, खिडक्यांच्या काचा कायमच्या बंद, नातेवाइकांनी बाहेर उभं राहून काचेतून पाहायचं. आत रोग्याजवळ एकाच माणसाला राहता यायचं, आणि एकदा आत गेलं की सगळं संपेपर्यंत बाहेर पडता यायचं नाही. वहिनींजवळ आत कुणी नव्हतं. मी कचेरी सुटली की जायचो आणि काचेवर टकटक करायचो. त्या मान वळवायच्या आणि ओठांनी विचारायच्या, ‘तार केली?’

मी मोठ्या साहेबांकडे तुझ्या बापाच्या रजेचा अर्ज घेऊन गेलो होतो. त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. सीझनचे पाच आठवडे उरलेत, माणूस परत बोलावला तर शीट वर्षभर लांबणीवर पडेल, आणि बायका काय आजारी पडतच असतात, असं म्हणून अर्ज माझ्याच हातात परत दिला. ड्यूटी सोडून आला तर नोकरी गेली, हेही सांगून ठेवलं. मी पोस्टात जाऊन माझ्या नावाने तार केली. ‘वहिनी गंभीर. रजा नामंजूर.’ दोन्ही गोष्टी लिहिल्या, म्हणजे पुढचं त्याचं त्याने ठरवावं. ती तार आडवाटेच्या स्टेशनावर गेली आणि तिथून उंटावरून दरीत.

ठिपकी, तुझा बाप आला. तार गेल्यापासून सातव्या दिवशी आला. माणसांना वरच्या विहिरीवर थांबवून ठेवलं, शिधा आणायला जातो, उशीर झाला तर सीझनअखेर स्टेशनावर या म्हणून सांगितलं, दोन दिवस उंटावर आणि दीड दिवस गाडीत काढून तो थेट इस्पितळाच्या फाटकाशी उतरला. मी रोजच्यासारखा काचेशी गेलो तर आत एक दाढी वाढलेला, ओठ फुटलेला माणूस वहिनींच्या खाटेला टेकून जमिनीवर बसला होता. मी क्षणभर ओळखलंच नाही. रजिस्टरात त्याने रोग्याचा भाऊ म्हणून नोंद केली होती. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरला ठाऊक होतं, पण ती कमी बोलणारी बाई होती. बाहेर ठाऊक होतं ते मला एकट्याला.

एकोणीस दिवस तो आत होता. मी रोज जायचो. काचेतून ऐकू काहीच यायचं नाही, नुसतं दिसायचं. तो त्यांना चमच्याने पाणी पाजायचा, पाय चेपायचा, केस विंचरायचा. केस विंचरणं त्याला काही जमत नव्हतं आणि तेवढ्या आजारातही त्या हसायच्या. सिस्टरच्या हातचा थर्मामीटर तो स्वतः मागून घ्यायचा, दुसऱ्याने मोजलेलं त्याला कधी पटलं नाही. काचेची कांडी उजेडाकडे तिरपी धरून, एक डोळा मिटून पाहायचा, तसा तो हत्यारातल्या पाऱ्याकडेही पाहायचा. मग मांडीवर काहीतरी घेऊन लिहीत बसायचा. मला वाटायचं तुला पत्र लिहितोय आणि बाहेर पडला की टाकेल.

वहिनी विसाव्या दिवसाची सकाळ पाहू शकल्या नाहीत. इस्पितळाच्या नियमाप्रमाणे पुढचं सगळं त्यांच्याच माणसांनी उरकलं. तुझ्या बापाला त्यानंतर आणखी पाच दिवस त्याच वॉर्डात, त्या रिकाम्या खाटेशेजारी राहावं लागलं, तोही नियमच होता. बाहेर आला तेव्हा त्याचे कपडे जाळले होते आणि इस्पितळाची विजार त्याच्या घोट्यापर्यंतही पोचत नव्हती. खांद्यावर त्याची कातडी पिशवी होती, तिला गंधकाची धुरी दिलेली. मी त्याला माझा सदरा दिला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो तुझ्याबद्दल. दुसरा विचारला नाही. त्याच दुपारच्या गाडीने तो आडवाटेच्या स्टेशनावर परत गेला, तिथे त्याची माणसं उंट घेऊन येऊन पोचली होती, आणि त्यांच्याबरोबर, सगळ्यांच्या देखत, सीझन संपवून आलेला मोजणीदार म्हणून तो दुसऱ्यांदा आला.

मावशीला ‘निरोप पोचू शकला नाही, तो वाळवंटात आहे’ असं पत्र गेलं होतं ना, ते माझ्या हातचं. तुझ्या घरी मी लिहिलेलं पहिलं खोटं पत्र ते. मावशी त्या पत्रावर जन्मभर विश्वासून राहिली आणि तुलाही तेच सांगत राहिली, तिचा काय दोष. तो तुला न्यायला आला तेव्हा मीही बरोबर होतो. तू ओट्यावर उभी होतीस आणि त्याच्या गळ्यात पडायच्या आधी विचारलंस, ‘बाबा, आई गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘कामावर.’ तू आत निघून गेलीस. मला वाटलं पोर लहान आहे, चार दिवसांत विसरेल. माझ्यासारखा मूर्ख मीच.

राहिली होती खालची दरी. खिंडीपर्यंतचं सगळं त्याने मोजलं होतं, खिंडीच्या पुढे कागद कोरा. कोरा दिला असता तर पाच आठवडे कुठे होतास हा प्रश्न आला असता आणि नोकरी गेली असती, आईविना पोर पदरात असताना. सुचवलं मी. लागोपाठ तीन रविवार माझ्या खोलीत, खिडकीशी टेबल ओढून, आम्ही खालची दरी तयार केली. खिंडीच्या माथ्यावरून त्याने जेवढी लांबून पाहिली होती तेवढी तो सांगायचा आणि मी काढायचो. जिथे त्याचं सांगणं संपायचं तिथून पुढे मी माझ्या मनाने काढायचो. कोरडी नदी वळवली, दोन्ही अंगांनी कडे उभे केले, एक टेकडी तर अशी झोकात उतरली की मला आजही तिचा अभिमान वाटतो, काय सांगू.

शेवटच्या रविवारी मी सुई उचलली. भोकं नकोत का पाडायला, उजेडात धरल्यावर कोणी पाहिलं तर? त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, ‘रेषा काढ तुला काढायच्या तेवढ्या. भोक पाडू नकोस. तिथे मी उभा नव्हतो.’ मी हसलो, म्हटलं, अरे शहाण्या, खोटं बोलायचं तर नीट तरी बोल. त्याने सुई काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. सोमवारी ती शीट माझ्याच टेबलावर तपासायला आली. मी खिडकीशी गेलो, कागद उजेडात धरला, खालच्या अर्ध्या भागात एकही भोक नव्हतं, आणि मी कोपऱ्यात ‘तपासले’ लिहून सही ठोकली.

तो नकाशा छापला गेला. पांढरा चौकोन भरला म्हणून साहेब खूष झाले, आणि खालच्या दरीचं रेखाटन इतकं सुबक आहे म्हणून पाठ थोपटली गेली ती माझी. दोन वर्षांत मी मुख्य नकाशानवीस झालो. माझं सगळं पुढचं आयुष्य, हे घर, मुलाचं शिक्षण, निरोपसमारंभातली ती शाल, सगळं त्या न मोजलेल्या दरीतून आलेलं आहे.

अकरा वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही. मग पाणी शोधणारी एक तुकडी तो नकाशा घेऊन खालच्या दरीत उतरली. मी जिथे नदीचं वळण काढलं होतं तिथे उभा कडा निघाला. तीन दिवस भरकटली माणसं. नशीब की सगळी जिवंत परत आली, नाहीतर हे पत्र मी तुला लिहिलं नसतं, दुसऱ्याच कुणाला लिहावं लागलं असतं. चौकशी लागली. मूळ शीट काढा म्हणाले. मूळ शीट म्हणजे तिच्या कोपऱ्यात माझी सही, आणि उजेडात धरली की दोन मिनिटांत निकाल. पण शीट सापडेचना. तुझ्या बापाने कबूल केलं की शीट त्याच्या हातून गहाळ झाली, उन्हाने डोकं फिरलं होतं, चुका त्याच्या एकट्याच्या, नकाशानवीसाने जे समोर आलं ते काढलं. त्याला मोजणीवरून काढून नकाशे विकायच्या खिडकीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथे लोकांना नकाशे गुंडाळून देत होता. मी वरच्या मजल्यावर होतो. शीट त्याने चौकशीच्या आदल्या दिवशीच घरी नेऊन ट्रंकेत घातली होती. तू भंगारात काढलेला तो अर्धवट रंगवलेला जाड कागद तोच.

तुला तो दिवस आठवतो का बघ. चौकशीचा निकाल लागला त्या रविवारी मी तुमच्याकडे जेवायला होतो. तू सतरा वर्षांची, स्वयंपाक तूच केलेलास. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. तू भात वाढता वाढता, आवाज अजिबात न चढवता म्हणालीस, ‘ज्या नकाशासाठी आईला एकटीला मरू दिलंत, तो तरी धड काढायचा होता.’ तुझा बाप जेवत राहिला. मी त्याच्या शेजारी पाटावर बसलो होतो, दरीतली एकेक रेघ माझ्या हातची, आणि मी मूग गिळून बसलो. वर भाजीही मागून घेतली. ठिपकी, आयुष्यात मी लाज वाटण्यासारखं बरंच केलं असेल, पण त्या भाजीची वाटी मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. पोरीला सांगतो म्हणाला. ती मोठी झालीय, समजून घेईल, बाहेर बोलणार नाही. मी घाबरलो. सतरा वर्षांची पोर रागाच्या भरात काय करेल याचा नेम काय? मी त्याला म्हटलं, माझी नोकरी संपेपर्यंत थांब, तुझे उपकार विसरणार नाही. तो थांबला. सतरा वर्षं थांबला. तोवर तू शिकून, नोकरी धरून दूरच्या गावी निघून गेली होतीस आणि त्याच्या पत्रांना उत्तर देत नव्हतीस. मी निवृत्त झाल्यावर तो पुन्हा आला. तेव्हा मी म्हटलं, कचेरीने नुकतंच आरेखनाच्या खोलीत माझ्या नावाची पाटी लावलीय, आता या वयात नाचक्की कशाला, आणि तिला तरी आता काय फरक पडतो. त्याने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेला. त्यानंतर तो मला दर आठवड्याला भेटायचा, आम्ही बागेत बसायचो, पण हा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही.

मी त्याला एकदाच विचारलं होतं, फार वर्षांपूर्वी, की तुला माझा राग येत नाही का. तो म्हणाला, ‘तू तार केलीस म्हणून मी तिच्याजवळ होतो.’ एवढ्या एका तारेच्या जोरावर मी त्याला आयुष्यभर नागवलं. शेवटच्या आजारात मी त्याच्याजवळ होतो. तुला बोलावू का विचारलं तर तो नको म्हणाला, तिला लांब पडतं. मी तेव्हाही त्याचं ऐकलं, कारण तू आली असतीस तर तो कदाचित बोलला असता. हेही लिहून टाकतो, आता झाकून काय करू.

सूनबाई तिसऱ्यांदा डोकावून गेली, एवढं काय लिहिताय म्हणून. तिला सांगितलं, हिशेब नाही, कबुली आहे. ती हसली. उद्या सकाळी ती हे पत्र कुरिअरने टाकेल, म्हणजे शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. सोबत दुसरं एक पत्र नकाशा कचेरीला जातंय, माझ्या सहीचं. माझ्या नावाची ती पाटी काढली तर काढली.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही, तो हक्क मी गमावला. बापाला माफ कर असंही म्हणणार नाही, त्याला माफ करण्यासारखं काही नव्हतंच. आणि सगळं खरं सांगायचं तर हे सगळं मी अजूनही सांगितलं नसतं. मी कार्ड लिहून मोकळा झालो होतो. पण तुझ्या पत्राची ती सहावी ओळ. ‘वही चाळली. शेवटच्या एकोणीस पानांवर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन-तीन आकडे आहेत, सगळे शंभर ते एकशेचारच्या मधले. एवढी सपाट जमीन मोजायला आईला सोडून राहायची गरज होती का, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.’ ठिपकी, ती दरी समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंच आहे. तिथे शंभर-एकशेचार उंची कुठेच नाही. ती वही मी कधी उघडून पाहिलेली नाही, तो मांडीवर काय लिहीत बसायचा ते मला चोपन्न वर्षांनी काल तुझ्या पत्रावरून कळलं. मी सांगतोय ते माझ्या शब्दावर मानू नकोस, मी तुझ्या घराला एकदा फसवलेलं आहे. तू स्वतः तपास. शनिवारच्या आत तो जाड कागद काढ आणि खिडकीच्या उजेडात धर. वरच्या भागात भोकंच भोकं दिसतील, आणि खिंडीच्या माथ्यावरचं शेवटचं भोक फाटलेलं असेल, तार आली तेव्हा सुई न काढताच त्याने कागद ओढला होता. त्याच्या खाली एकही नाही. मग वही घे आणि एकोणिसावं पान उघड. त्या पानावर सकाळचा आकडा असेल, दुपारचा असेल, संध्याकाळचा नसेल. तुझी आई दुपारी सव्वाचारला गेली.

तुझ्या बापाचा आणि, तू अजून म्हणू दिलंस तर, तुझाच,
शाईकाका